लोहाराचा मुलगा आणि मनाचा आजार

मैत्रिणींनो, गॅस अचानक संपला की आपल्यातल्या कितीतरी जणी इंडक्शनच्या शेगडीवर चहा ठेवतात. तिथे जाळ नाही, निखारा नाही. काचेखाली नुसतं तारेचं वेटोळं असतं, तरी वरच्या पातेल्यातलं पाणी उकळतं. ही किमया ज्याने पहिल्यांदा ओळखली तो माणूस म्हणजे मायकेल फॅरेडे. शाळेत आपण हे नाव परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरून गेलो. पण याच शोधावर चालणारं एक यंत्र आज नैराश्याच्या आजारावर वापरलं जातं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. आणि खुद्द फॅरेडे ऐन पन्नाशीत डोक्याने आणि मनाने पार थकून गेले होते, हे तर त्याहून कमी जणांना. म्हणून आज त्यांची गोष्ट.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनच्या दक्षिणेकडच्या न्यूइंग्टन बट्स भागातला. वडील जेम्स लोहार. तब्येत कायम नाजूक, त्यामुळे भात्यासमोर उभं राहणं रोज जमायचं नाही. आई मार्गारेट चार लेकरांचा संसार ओढायची. दिवस इतके वाईट आले की एक पाव हातात द्यायचा आणि तो आठवडाभर पुरवायचा, अशीही वेळ मायकेलवर आली. शाळा म्हणाल तर लिहिणं, वाचणं आणि थोडंफार गणित, बस्स. तेराव्या वर्षी तो रिबो नावाच्या पुस्तक बांधणाऱ्याच्या दुकानात कामाला लागला. आधी घरोघर वर्तमानपत्रं पोचवायची, मग सात वर्षं पुस्तकबांधणी शिकायची.

लोकांची पुस्तकं बांधता बांधता हा मुलगा ती वाचू लागला. त्यातलं एक पुस्तक जेन मार्सेट या बाईंनी लिहिलेलं होतं. एक शिक्षिका आणि दोन मुली यांच्या गप्पांमधून रसायनशास्त्र समजावणारं. बायका-मुलींना कळावं म्हणूनच त्यांनी ते लिहिलं होतं आणि पहिल्यांदा छापलं तेव्हा त्यावर स्वतःचं नावसुद्धा घातलं नव्हतं. ते पुस्तक या गरीब पोराच्या हाती पडलं आणि तो त्यातले प्रयोग जमतील तसे करून बघू लागला. पुढे मोठं नाव झाल्यावरही फॅरेडे या बाईंना आपली पहिली गुरू मानत आणि आपले निबंध त्यांना आवर्जून पाठवत.

१८१० मध्ये वडील वारले. आईने घरात भाडेकरू ठेवून खर्च भागवला. थोरल्या भावाने आपल्या लोहारकामाच्या कमाईतून पैसे दिले, तेव्हा मायकेल विज्ञानाच्या व्याख्यानांना जाऊ शकला. १८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही या नामांकित शास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. मायकेलने ऐकलेलं सगळं घरी येऊन लिहून काढलं, चित्रं काढली, स्वतःच्या हाताने सुबक बांधणी केली आणि ते बाड डेव्हींना पाठवून काम मागितलं. १ मार्च १८१३ ला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत तो मदतनीस म्हणून लागला. आठवड्याला २५ शिलिंग पगार, माडीवर राहायला दोन खोल्या, वर कोळसा आणि मेणबत्त्या. त्याच वर्षी डेव्हींबरोबर तो युरोपच्या दौऱ्यावर गेला. डेव्हींच्या पत्नीने त्याला घरगड्यासारखं वागवलं. त्याने ते सोसलं आणि मिळेल तिथून शिकत राहिला.

जून १८२१ मध्ये त्यांचं लग्न सारा बर्नार्डशी झालं. ती चांदीचं काम करणाऱ्याची मुलगी. दोघंही एका छोट्याशा, साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाची. त्यांना मूल झालं नाही, पण घरात भाच्यांची ये-जा असे आणि जेन नावाची भाची तर त्यांच्याजवळच राहिली. साराला विज्ञानात फारसा रस नव्हता. नवरा रात्री उशिरा प्रयोगशाळेतून माडीवर येई तेव्हा घर शांत असावं, एवढं मात्र ती बघे. या साध्या गोष्टीचं मोल पुढे कळलं.

आता तो मोठा शोध. वर्ष १८३१. त्याच वर्षी जानेवारीत इकडे नायगावला सावित्रीबाईंचा जन्म झाला होता. २९ ऑगस्टला लंडनमध्ये फॅरेडेंनी लोखंडाचं एक कडं घेतलं. त्याच्या एका बाजूला एक तार गुंडाळली, दुसऱ्या बाजूला वेगळी तार. दोन्ही तारा एकमेकींना कुठेही चिकटलेल्या नाहीत. पहिल्या तारेत वीज सोडली, त्या क्षणी दुसऱ्या तारेला जोडलेली सुई हलली. वीज बंद केली, सुई परत हलली. मधे नुसती चालू ठेवली तर काही नाही. म्हणजे लोहचुंबकाचा जोर बदलत असेल तरच शेजारच्या तारेत वीज उठते. ऑक्टोबरमध्ये त्यांनी तारेच्या पोकळ वेटोळ्यात नुसता लोहचुंबक आत-बाहेर केला आणि तेवढ्यानेही वीज मिळवली. तुमच्या गावातली डीपी, वीजकेंद्रातलं जनित्र, ओट्यावरची इंडक्शनची शेगडी, सगळ्यांच्या मुळाशी हेच आहे.

मानसन्मान भरपूर आला. सरदारकी मात्र त्यांनी घेतली नाही, आणि पुढे रॉयल सोसायटी या मोठ्या संस्थेचं अध्यक्षपदही नाकारलं. मुलांसाठी नाताळच्या दिवसांत व्याख्यानं द्यायला मात्र ते कधी कंटाळले नाहीत. अशा १९ मालिका त्यांनी दिल्या.

पण शरीराने हिशेब मागायला सुरुवात केली. डोकं दुखायचं, गरगरायचं, वाचलेलं आणि केलेलं आठवेनासं व्हायचं. १८३९ च्या अखेरीस ते पार कोलमडले. मन उदास, कामात लक्ष लागेना, माणसांना भेटणं नकोसं. डॉक्टरांनी काम थांबवायला सांगितलं. हा आजार नेमका कोणता, ते त्या काळी कुणी सांगू शकलं नाही. कामाचा अतिभार म्हणा, प्रयोगशाळेतला पारा म्हणा, अभ्यासकांमध्ये आजही एकमत नाही. तेव्हा त्यांना बायपोलर आजार होता वगैरे आपण म्हणायचं नाही. पण डोक्याचं दुखणं माणसाला घरात कसं कोंडून टाकतं, ते त्यांनी पुरेपूर भोगलं.

या दिवसांत सारा खंबीर राहिली. भेटीला येणाऱ्यांना आवरलं, आमंत्रणं परत पाठवली. १८४१ च्या उन्हाळ्यात ती त्यांना स्वित्झर्लंडला घेऊन गेली. सोबत तिचा चित्रकार भाऊ आणि भावजय. जवळजवळ तीन महिने फॅरेडे डोंगरदऱ्यांतून मैलोन्‌मैल चालले. पाय मजबूत होते, थकलं होतं ते डोकं. तिथे एका गावात त्यांना खिळे घडवणारे लोहार दिसले. आपले वडील लोहार होते, लोहाराचं दुकान दिसलं की आपल्याला बरं वाटतं, असं त्यांनी आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं. एवढा मोठा माणूस, पण बापाच्या भात्याची आठवण त्याला अशा वेळी आधार देऊन गेली.

परत आल्यावरही लगेच सगळं सुरळीत झालं नाही. वर्षं गेली. मग १८४५ मध्ये त्यांनी पुन्हा एक मोठा शोध लावला, लोहचुंबकाचा परिणाम प्रकाशावरही होतो हा. तेव्हा ते ५३ वर्षांचे होते. विस्मरण पूर्ण गेलं नाही. म्हणून ते प्रत्येक प्रयोग क्रमांक घालून वहीत टिपून ठेवत. हे क्रमांक १६ हजारांच्या वर गेले. आपली उणीव त्यांनी लपवली नाही, तिच्यावर वहीचा उपाय शोधला.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८५३ च्या सुमारास लंडनमध्ये एक खूळ पसरलं. चार-सहा माणसं टेबलाभोवती बसायची, त्यावर हात ठेवायची आणि टेबल आपोआप फिरू लागायचं. लोक म्हणायचे भुताखेतांची करणी, कुणी म्हणायचे विजेची शक्ती. फॅरेडे स्वतः अतिशय देवभक्त, दर रविवारी न चुकता प्रार्थनेला जाणारे. पण त्यांनी कुणाची टिंगल केली नाही, सरळ परीक्षा घेतली. हाताखाली पुठ्ठ्याचे थर रचले, मधे चिकट पदार्थ लावला आणि हात किंचित सरकला तरी दाखवेल अशी काडी बसवली. टेबलाच्या आधी हातच सरकतात, हे सिद्ध झालं. आणि ती काडी बसणाऱ्यांना दिसू लागली तेव्हा टेबल हलायचंच थांबलं. माणसं लबाड नव्हती, स्वतःच्याही नकळत ढकलत होती.

मैत्रिणींनो, आपल्याकडे घरातलं कुणी महिना महिना अंथरुणातून उठत नाही, जेवत नाही, तेव्हा पहिली धाव कुठे असते? भगताकडे, नाहीतर उतारा टाकायला. बाहेरची बाधा, करणी, शेजारणीची नजर, सगळं बोललं जातं. आजार हा शब्द सगळ्यात शेवटी येतो. म्हणून हा टेबलाचा किस्सा मला फार जवळचा वाटतो.

आता बायपोलर म्हणजे काय ते बघू. मराठीत याला द्विध्रुवी विकार म्हणतात. यात माणूस दोन टोकांना जातो. कधी उदासी: झोप बिघडते, भूक मरते, जगण्यात अर्थ वाटत नाही. आणि कधी त्याच्या अगदी उलट: दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना, अखंड बडबड, मोठमोठे बेत, उधारीवर खरेदी, शुल्लक कारणावरून भांडण. हे उधाण काही दिवस किंवा आठवडे चालतं, मग ओसरतं. घरचे त्याला आजार समजत नाहीत, उलट बरं झालं माणूस कामाला लागला असं वाटतं. डॉक्टरांकडे नेतात ते उदासीच्या काळात, आणि तेवढीच सांगतात. इथे मोठा घोटाळा होतो. कारण नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी असा माणूस कधीकधी एकदम दुसऱ्या टोकाला जातो. तेव्हा मागे कधी उधाण आलं होतं का, घराण्यात कुणाला होतं का, हे डॉक्टरांना न विचारता सांगायचं. ही माहिती घरातल्या बाईकडेच असते. तारीखवार लिहून ठेवलं तर फारच छान, फॅरेडेंच्या वहीसारखं.

या आजाराचा मुख्य आधार म्हणजे मनाचा तोल राखणारी औषधं. लिथियम हे त्यातलं जुनं आणि खात्रीचं. ते घेताना ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायचं नसतं. घरात लेक किंवा सून गरोदरपणाचा विचार करत असेल तर तेही आधीच सांगावं, कारण यातली काही औषधं पोटातल्या बाळाला घातक असतात.

काही जणांची उदासी मात्र औषधांनीही हटत नाही. त्यांच्यासाठी मेंदूला बाहेरून चालना देणारे उपचार आहेत. सगळ्यात जुना विजेचा, ज्याला आपण शॉक म्हणतो. तो १९३८ मध्ये रोममध्ये सुरू झाला. सिनेमांनी त्याची भयंकर भीती घातली आहे. आज तो रुग्णाला भूल देऊन, स्नायू सैल करून देतात. भुलीशिवाय देण्याला तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदीच घातली आहे. काही काळ विस्मरणाचा त्रास होतो हे खरं. पण रुग्ण अन्नपाणी सोडून बसला असेल, जीव द्यायचंच बोलत असेल, तर बायपोलरच्या उदासीतही हा उपचार फार गुणकारी ठरतो.

दुसरा उपचार फॅरेडेंच्या कड्यातून जन्मलेला. त्यांच्या शोधानंतर डॉक्टरांनी अशा विजेचा वापर स्नायूंवर करून पाहिला आणि त्या पद्धतीला त्यांचंच नाव दिलं. १८९६ मध्ये दार्सोनवाल या फ्रेंच शास्त्रज्ञाने डोक्याभोवती तारेचं मोठं वेटोळं ठेवून वीज सोडली, तर माणसाला डोळ्यांपुढे उजेड चमकताना दिसला. १९१० मध्ये सिल्व्हानस थॉम्प्सन यांनीही तेच अनुभवलं. फॅरेडेंचं चरित्र लिहिणारे ते हेच. शेवटी १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्ड गावी अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर नुसती कॉइल धरून मेंदूला चालना दिली आणि माणसाचा हात आपोआप हलला. १८३१ च्या त्या कड्यापासून इथवर यायला दीडशे वर्षं लागली.

या उपचाराला टीएमएस म्हणतात. रुग्ण जागा असतो, खुर्चीत बसलेला. भूल नाही, चिरफाड नाही. कपाळाच्या वर, बहुधा डाव्या बाजूला, कॉइल टेकवतात. तिच्यातली वीज झपाट्याने बदलते, त्यामुळे लोहचुंबकाचा जोर बदलतो आणि कवटीच्या आत मेंदूच्या पेशींमध्ये अगदी थोडी वीज उठते. तत्त्व शेगडीचंच, पण डोकं काही पातेल्यासारखं तापत नाही, घाबरू नका. टकटक आवाज येतो, टाळूला टोचल्यासारखं होतं, काहींचं डोकं दुखतं. क्वचित झटका येऊ शकतो, म्हणून मिरगी असेल तर आधी सांगायचं. डोक्यात किंवा कानात धातूचं काही बसवलेलं असेल तर हा उपचार सहसा करत नाहीत. एकेक बैठक काही मिनिटांपासून अर्ध्या-पाऊण तासाची, आठवड्यात पाच दिवस, चार ते सहा आठवडे.

अमेरिकेत २००८ मध्ये साध्या नैराश्यासाठी याला परवानगी मिळाली, आपल्या देशातही मोठ्या शहरांत तो केला जातो. बायपोलरच्या उदासीचं मात्र तसं नाही. तिथे अभ्यास कमी आहेत. काहींत फायदा दिसला, तर काहींत खरी कॉइल आणि नुसती दाखवायची खोटी कॉइल यांत फरकच पडला नाही. थोड्या रुग्णांत उधाण येण्याचा धोकाही असतो, म्हणून तोल राखणारी औषधं सहसा सोबत चालू ठेवतात. तेव्हा कुणी पक्क्या गुणाची हमी देऊन पैसे मागत असेल तर सावध व्हा. उमरखेड किंवा झरीच्या बाईने महिनाभर शहरात राहायचं म्हणजे खोली, जेवण, सोबतीला माणूस, बुडालेली मजुरी, सगळंच आलं. असं यंत्र बघायला फॅरेडे असते तर हरखून गेले असते खरे, पण पुरावा किती, हे त्यांनी आधी विचारलं असतं. तेच आपण विचारायचं. माझ्या रुग्णाच्या आजारावर हे किती सिद्ध झालंय? गुण आला नाही तर पुढे काय? औषधं नीट घेऊन झालीत का? डॉक्टरांना असं विचारणं हा आपला हक्क आहे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर झालं. कर्ज, नापिकी, कापसाचा पडलेला भाव ही कारणं खरीच आहेत आणि ती गोळीने मिटत नाहीत. पण त्या ओझ्याखाली कास्तकाराचं मन आजारी पडलं असेल, किंवा त्याच्यामागे वावर आणि लेकरं सांभाळणारी त्याची बायको आतून खचली असेल, तर त्या आजाराला इलाज आहे. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. २०२२ पासून सरकारची टेली-मानस सेवा सुरू आहे, १४४१६ हा क्रमांक. फोन फुकट, रात्रंदिवस चालू, मराठीत बोलता येतं. कुणी जीव द्यायची भाषा करत असेल तर नाटक म्हणून सोडून देऊ नका. त्याला एकटं ठेवू नका, फवारणीचं औषध कुलुपात घाला आणि लगेच दवाखाना गाठा.

फॅरेडेंची स्मरणशक्ती उतारवयात फारच क्षीण झाली. १८५८ पासून राणी व्हिक्टोरियाने दिलेल्या हॅम्प्टन कोर्टच्या घरी ते राहू लागले. शेवटी सारा आणि भाची जेन यांनी त्यांना जपलं. २५ ऑगस्ट १८६७ ला, आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. थोरामोठ्यांच्या ॲबेत नाही, हायगेटच्या साध्या दफनभूमीत त्यांना ठेवलं. सारा पुढे १८७९ पर्यंत होती.

त्यांच्या आजाराला औषध नव्हतं. होती ती समजूतदार बायको, विश्रांती आणि आपण आजारी आहोत हे मान्य करण्याचा मोठेपणा. तेवढ्यावर ते परत उभे राहिले. आपल्याकडे आज औषधंही आहेत आणि डॉक्टरही आहेत. मग लपवाछपवी कशाला? तुमच्या ओळखीत, बचत गटात, शेजारी असं कुणी घर असेल तर एक काम करा. त्या घरी जा, निवांत बसा, ऐकून घ्या आणि दवाखान्यात जायला तिला सोबत करा. एकटीने मानसोपचाराच्या ओपीडीची पायरी चढणं फार अवघड असतं. दुसरी बरोबर असली की ती सोपी होते.